कोणता डोंगर आधी? सिल्लोड तालुक्यात वनीकरण अन् पडीक जमीन सुधारणेसाठी जागा कशी निवडायची

सिल्लोड : तालुक्याच्या उत्तर अंगाला अजिंठ्याची डोंगररांग आहे. पावसाळ्यात हिरवीगार दिसणारी ही रांग फेब्रुवारी लागला की पिवळी पडते, अन् एप्रिल-मे मध्ये वणवा लागला तर काळीठिक्कर होते. पायथ्याच्या विहिरी मका, अद्रक अन् मिरचीला किती दिवस पाणी देणार, हे बऱ्याच अंशी या डोंगरावर काय उरलं आहे यावर ठरतं. दरवर्षी जून-जुलैत रोपं लागतात, फोटो निघतात. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली किती जगली, याचा हिशेब क्वचितच ग्रामसभेत येतो. बऱ्याच वेळा रोपं चांगली असतात, माणसं मेहनतही करतात, पण जागाच चुकलेली असते.

गावाचं श्रमदान, रोजगार हमीची मजुरी, वनविभागाचा किंवा पाणलोट योजनेचा निधी, सगळं मोजकंच असतं. सगळे डोंगर एका वर्षात होत नाहीत. म्हणून पहिली जागा कोणती धरायची, हा निर्णय महत्त्वाचा. तो कसा घ्यायचा, कोणते कागद पाहायचे, शिवारात काय बघायचं अन् कोणाला विचारायचं, याची माहिती एकत्र देत आहोत.

थोडक्यात

- सगळ्यात उजाड दिसणारी टेकडी पहिली धरू नका. जिथं मुळं, खुंट अन् थोडी माती शिल्लक आहे, तिथं कमी खर्चात जंगल परत येतं.
- ज्या डोंगराचं पाणी गावाच्या विहिरींकडे अन् तलावाकडे उतरतं, तो आधी.
- सातबारा, गाव नकाशा अन् अतिक्रमण नोंदवही पाहिल्याशिवाय एकही खड्डा घेऊ नका.
- त्या जागेवर ज्यांची ढोरं, शेळ्या-मेंढ्या चरतात, त्यांना बोलावल्याशिवाय जागा ठरवू नका.
- राखण कोण करणार हे ठरलं नसेल, तर ती जागा पुढच्या वर्षावर टाका.

सिल्लोडची जमीन कशी आहे

अजिंठ्याची रांग म्हणजे पाण्याचा दुभाजक. रांगेच्या उत्तरेला पडलेलं पाणी वाघूरसारख्या नद्यांतून तापीकडे जातं. दक्षिणेला पडलेलं पाणी पूर्णेला मिळतं, अन् पूर्णा पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. सिल्लोड तालुक्याचा मोठा भाग या दक्षिण उतारावर आहे. अजिंठा, शिवना, अंभई, जंजाळा, हळदा, उंडणगाव, घाटनांद्रा, आमठाणा हा पट्टा डोंगराला लागून, तर भराडी, निल्लोड, पालोद, गोळेगाव, अंधारी ही गावं त्यामानानं सखल भागात.

खाली सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. हा दगड पाणी सहजासहजी पोटात घेत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मुरमाच्या थरातून अन् दगडाच्या भेगांतून. त्यामुळे डोंगरावरची माती-मुरूम वाहून गेली की पाणी थांबायला जागाच राहत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते 10 हजार लिटर पाणी होतं. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 हेक्टरच्या डोंगरावर 70 कोटी लिटर पाणी पडतं. त्यातला किती भाग मुरतो अन् किती दोन तासांत नाल्यातून निघून जातो, हा खरा प्रश्न.

मातीचाही हिशेब असाच आहे. एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, तरी ती 10 घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन ब्रास होते. ही माती जाते कुठं? खालच्या नाल्यात, पाझर तलावात, अन् शेवटी खेळणा किंवा अजिंठा-अंधारी सारख्या प्रकल्पात. डोंगर उघडा पडला की त्याचा गाळ खालच्या गावानं पोक्लेनचं भाडं भरून काढावा लागतो.

इथलं मूळ जंगल कोरड्या पानगळीचं. साग, सालई, धावडा, खैर, पळस, अंजन, टेंभुर्णी, मोहा, बोर, सीताफळ ही इथली झाडं. उन्हाळ्यात ही झाडं पानं टाकतात म्हणून मेल्यासारखी दिसतात, पण मुळं जिवंत असतात. जागा निवडताना याच गोष्टीचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

पहिली कसोटी : पाणी कुठं उतरतं

वनीकरणाची जागा बऱ्याचदा रस्त्याच्या सोयीनं ठरते. ट्रॅक्टर जातो, टँकर जातो, पाहणीला येणाऱ्यांना दिसतं. पण त्या टेकडीचं पाणी दुसऱ्याच बाजूला उतरत असेल, तर गावच्या विहिरींना त्याचा उपयोग नाही.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेनं संपूर्ण महाराष्ट्र 1,531 पाणलोट क्षेत्रांत विभागला आहे. तुमचं गाव कोणत्या पाणलोटात आहे हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात किंवा कृषी सहायकाकडे समजतं. पण एवढ्यावर भागत नाही, कारण एकाच गावात दोन-तीन नाल्यांचे वेगवेगळे उतार असतात. त्यासाठी साधी पद्धत अशी :

1. जोराचा पाऊस उघडल्यावर लगेच शिवार फेरी काढा. कोणत्या घळीतून पाणी कोणत्या नाल्यात येतं ते गाव नकाशावर पेन्सिलीनं ओढा.
2. मोबाईलवर गुगल अर्थ उघडून तीच घळ वरपर्यंत पाहा. माथा कुठं संपतो ते कळतं.
3. त्या नाल्याच्या दोन्ही अंगाच्या विहिरी मोजा. कोणती विहीर डिसेंबरात आटते, कोणती मार्चपर्यंत टिकते, ते मालकाला विचारून लिहा.
4. गावची पाणीपुरवठ्याची विहीर कोणत्या नाल्यावर आहे, त्यावर वेगळी खूण करा.

ज्या डोंगराखाली पिण्याच्या पाण्याची विहीर अन् जास्तीत जास्त सिंचन विहिरी आहेत, त्याला जास्त गुण. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात, त्यामागे हेच कारण आहे. वरचा भाग उघडा ठेवून खाली सिमेंट बंधारा बांधला, तर तो लवकर गाळानं भरतो.

दुसरी कसोटी : मुळं जिवंत आहेत का

डोंगरावर झाड दिसत नाही म्हणजे जंगल संपलं असं नाही. साग, पळस, धावडा, टेंभुर्णी ही झाडं वरून तोडली तरी खुंटाला पुन्हा फुटवे येतात. दरवर्षी ढोरं ते खातात, कुऱ्हाड लागते, वणवा लागतो, म्हणून ते गुडघ्याच्या वर जात नाहीत. अशा जागेला तीन ते पाच वर्षं राखलं, फुटव्यांची विरळणी करून एका खुंटावर एक-दोन जोमदार फांद्या ठेवल्या, तर झाड झपाट्यानं वाढतं, कारण खाली मूळ जुनं असतं.

तीन बाय तीन मीटरवर रोपं लावायची तर एका हेक्टरला 1,111 रोपं लागतात. खड्डे, रोपं, वाहतूक, पाणी, मर भरून काढणं हा सगळा खर्च त्यावर. जिवंत खुंटांच्या जागेवर यातला मोठा भाग वाचतो.

तपासायचं कसं? ऑक्टोबरात डोंगरावर 20 पावलं लांब, 20 पावलं रुंद असे चार-पाच चौकोन वेगवेगळ्या ठिकाणी आखा. प्रत्येकात हे मोजा :

- फुटवे आलेले खुंट किती, कोणत्या जातीचे
- बी पडून आपोआप उगवलेली रोपं किती
- गवत कोणतं. मारवेल, पवना असेल तर माती अजून बरी आहे. नुसती कुसळी असेल तर चराईचा ताण जास्त आहे
- घाणेरी किती. जास्त असेल तर आधी ती मुळासकट काढण्याचा खर्च धरावा लागेल
- उघडा खडक किती

गावातल्या जुन्या गुराख्यांना अन् लाकूडफाटा आणणाऱ्या बायांना सोबत घ्या. कोणती झुडपं कशाची आहेत, पूर्वी कुठं काय होतं, हे त्यांना नेमकं माहीत असतं.

एक काळजी घ्या. जिथं मुळं जिवंत आहेत तिथं सरसकट जेसीबीनं सलग समतल चर खोदू नका. चर खोदताना तीच मुळं उपटली जातात. अशा जागेवर खुंट वाचवून तुटक चर घ्यावेत.

तिसरी कसोटी : उतार अन् मातीची खोली

उतार मोजायला मोठं यंत्र लागत नाही. 100 फूट आडव्या अंतरात जमीन 8 फूट चढली तर उतार 8 टक्के. हायड्रोमार्कर किंवा लाकडी ए-फ्रेमनं गावातली पोरंसुद्धा हे करू शकतात. मातीची खोली पाहायला टिकावानं चार-पाच ठिकाणी खड्डा घ्या, मुरूम किती खाली लागतो ते मोजा.

- उतार कमी, माती हातभर : झाडं, फळझाडं, चारा, काहीही येईल. या जागेवर हक्काचे वाद जास्त असतात.
- मध्यम उतार, माती वीतभर, खाली कच्चा मुरूम : वनीकरणासाठी सगळ्यात योग्य. चर घेतले तर पाणी मुरतं. 60 सेंटिमीटर रुंद अन् 30 सेंटिमीटर खोल चर घेतला तर एका मीटर लांबीत 180 लिटर पाणी एका वेळी थांबतं.
- जास्त उतार, दगड-गोटे : खोदकाम टाळा. घळीत अनगड दगडी बांध घाला, गवताचं बी टाका अन् चराई थांबवा.
- सपाट उघडा खडक : इथं रोपांवर पैसा घालू नका. कडेच्या भेगांत माती साचते तिथंच थोडं काम करता येतं.

चौथी कसोटी : जमीन कोणाची, वापर कोणाचा

ही कसोटी घाईत उरकली जाते अन् नंतर सगळं काम तिथंच अडकतं. गावात ज्याला आपण सरसकट "सरकारी पडीक" म्हणतो, ती चार प्रकारची असू शकते.

वनजमीन. राखीव किंवा संरक्षित वन. इथं वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही करता येत नाही. गावाला सहभागी व्हायचं असेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा मार्ग आहे. महाराष्ट्रात ही पद्धत 1992 पासून सुरू झाली. शिवाय वनहक्क कायदा 2006 नुसार ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. आपल्या गावाचा असा दावा आहे का, प्रलंबित आहे का, हे आधी पाहावं.

गायरान. गावच्या चराईसाठी राखलेली जमीन.

इतर सरकारी जमीन. ओढे, नाले, परंपोक वगैरे.

खासगी बरड. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची, पण पेरणी होत नसलेली जमीन. इथं मालकाच्या संमतीनं फळबाग, बांबू किंवा चारा घेता येतो.

तलाठ्याकडे हे कागद पाहा : गाव नकाशा, सातबारा, गाव नमुना एक-अ म्हणजे वनजमिनींची नोंदवही, एक-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही, अन् एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. वनविभागाचा नकाशा अन् महसूलचा नकाशा जुळत नसेल, तर संयुक्त मोजणी मागा. हद्द नक्की नसताना लावलेली झाडं पुढे दोन खात्यांच्या पत्रव्यवहारात अडकतात.

आता गायरानाचं. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसती मोकळी जमीन नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1964 मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरान कसणाऱ्या दलित अन् भूमिहीन कुटुंबांचा लढा इथं चालू आहे. राज्य सरकारनं 1991 च्या निर्णयानं 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी अतिक्रमणं काही अटींवर नियमित करण्याचं ठरवलं होतं. अनेकांचे कागद आजही पूर्ण झालेले नाहीत. दुसरीकडे सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणं काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल आहे. त्या निकालातही भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनीचा अपवाद सांगितला आहे.

याचा अर्थ सरळ आहे. गायरानावर कोणी कसत असेल, तर वनीकरणाचा ठराव हा त्यांना हुसकायचा सोपा मार्ग होऊ नये. तसा तो झाला की एका रात्रीत रोपं उपटली जातात, पोलिसांत तक्रारी होतात अन् गाव दोन तटांत वाटलं जातं. हक्काचा निवाडा आधी, खड्डे नंतर.

पाचवी कसोटी : राखण कोण करणार, झळ कोणाला

डोंगर बंद केला की फायदा पायथ्याच्या विहिरीवाल्याला होतो. झळ बसते ती ज्याच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आहेत त्याला, अन् दरवर्षी त्या वाटेनं येणाऱ्या मेंढपाळाला. या दोघांचा हिशेब मांडला नाही, तर चराईबंदी कागदावरच राहते.

यावर चालणारे उपाय :

- पूर्ण डोंगर एकदम बंद न करता तीन भाग करा. आधी एक भाग बंद, दोन चराईला मोकळे. पहिल्या भागातली झाडं ढोरांच्या तोंडापेक्षा उंच झाली की दुसरा भाग बंद.
- बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी द्या. भूमिहीन अन् शेळीपालक कुटुंबांना पहिला हक्क ठेवा.
- ढोरं पाण्यावर नेण्याची जुनी वाट तोडू नका. ती सोडूनच आखणी करा.
- राखणदार शक्यतो त्याच कुटुंबांतला ठेवा अन् त्याची मजुरी कुठून येणार हे आधी लिहा.
- पावसाळा संपल्यावर जाळरेषा काढा. फेब्रुवारी ते मे वणव्याचे महिने. नवं गवत चांगलं यावं म्हणून डोंगर पेटवायची सवय काही ठिकाणी अजून आहे. गवत कापून नेलं की जळायला कमी राहतं.

गुण देऊन जागा ठरवा

पाच कसोट्यांना गुण दिले की वाद कमी होतो, कारण कोणाच्या मळ्याजवळची टेकडी यापेक्षा गुणांवर बोलणं होतं. ही सरकारी पद्धत नाही. ग्रामसभेत चर्चेला बसण्यासाठीचं साधं कोष्टक आहे. गाव आपल्या गरजेप्रमाणे गुण बदलू शकतं.

- पाणी गावच्या विहिरींकडे उतरतं का : 25
- जिवंत मुळं, खुंट, रोपं : 20
- माती अन् उतार : 15
- हक्क अन् वापर स्पष्ट आहे का : 20
- राखणीची तयारी : 20
- एकूण : 100

उदाहरण म्हणून समजा, एका गावात तीन जागा पुढे आल्या.

जागा अ : रस्त्यालगतची 10 हेक्टरची टेकडी. उघडा खडक, पाणी दुसऱ्या गावाकडे उतरतं, पण हक्काचा वाद नाही. गुण : पाणी 5, मुळं 3, माती 4, हक्क 18, राखण 10. एकूण 40.

जागा ब : गावाच्या वरच्या अंगाची 25 हेक्टर वनजमीन. साग-पळसाचे खुंट भरपूर, खाली 30 विहिरी. चराई आहे, पण गुराखी तीन भागांच्या पद्धतीला तयार. गुण : पाणी 23, मुळं 17, माती 11, हक्क 14, राखण 13. एकूण 78.

जागा क : 12 हेक्टर गायरान. माती चांगली, पण काही कुटुंबं कसतात अन् त्यांचे कागद अर्धवट. गुण : पाणी 15, मुळं 10, माती 12, हक्क 5, राखण 8. एकूण 50.

रस्त्यावरून जागा अ उठून दिसते, पण काम जागा ब वर व्हायला पाहिजे. जागा क ला 50 गुण असले तरी हक्काच्या खान्यात 10 पेक्षा कमी आहेत, म्हणून निवाडा होईपर्यंत ती थांबवायची. हा नियम पक्का ठेवा : एकूण कितीही असोत, हक्क किंवा राखण यांत 10 पेक्षा कमी गुण असतील तर ती जागा त्या वर्षी घ्यायची नाही.

कुठं झाडं लावू नयेत

प्रत्येक माळ म्हणजे झाडं नसलेलं जंगल नव्हे. काही माळ हे मुळातच गवताचे आहेत. तिथं चिंकारा, लांडगा, ससे, तितर यांचं जगणं गवतावर असतं, अन् गावच्या ढोरांचंही. अशा माळावर खड्डे खोदून दाट झाडं लावली तर गवत जातं अन् झाडंही नीट येत नाहीत. तिथं सुधारणा म्हणजे चांगल्या गवताचं बी टाकणं, आळीपाळीनं चराई अन् पाणी मुरवणं.

तसंच फक्त लवकर हिरवं दिसावं म्हणून एकच एक सुबाभूळ, नीलगिरी किंवा गिरिपुष्प सगळीकडे लावू नका. डोंगरावर जी जात आधीपासून तग धरून आहे, तीच पुढेही जगते. अंजन, खैर, पळस, धावडा, कडुनिंब, बोर, सीताफळ यांचं बी गावातच गोळा करता येतं. सीताफळाला ढोरं सहसा तोंड लावत नाहीत अन् फळाचे पैसे होतात, म्हणून हद्दीवर ते उपयोगी पडतं.

इतर गावांनी काय केलं

जालना तालुक्यातील कडवंची गावात भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून 1996 ते 2002 या काळात काम झालं. तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमानं उपचार झाले, पुढे शेततळी अन् द्राक्षबागा उभ्या राहिल्या. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र अन् विजयअण्णा बोराडे यांचं मार्गदर्शन या कामामागे होतं. या कार्यक्रमात गाव निवडताना लोकांची तयारी आधी पाहिली जाई. लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचं, मग पुढचा मोठा टप्पा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनं 1990 च्या दशकात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अन् श्रमदान गावच्या ठरावानं लागू केलं अन् वनविभागाच्या डोंगरावर चर खोदले. सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा नियमही सोबत केला. डोंगरानं मुरवलेलं पाणी बोअरनं उपसून टाकलं तर काय राहणार, हा त्यामागचा विचार.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे मुळांच्या कसोटीचं उदाहरण. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं गावानं सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. तोड करणाऱ्याला दंड अन् राखणीचे गावचे नियम यांवर तिथं भर होता. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या तिन्ही ठिकाणी लोकांनी आधी आपसात नियम केले, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

राज्य, देश अन् जग

राज्यात 2016 ते 2019 या काळात 50 कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. शेवटच्या वर्षाचं लक्ष्यच 33 कोटींचं होतं. मोठा आकडा ठरला की जागा मिळेल तिथं खड्डे घेण्याचा ताण खालच्या कर्मचाऱ्यावर येतो. म्हणून गावानं स्वतःची निवड यादी आधीच तयार ठेवलेली बरी. योजना आली की यादीतली पहिली जागा पुढे करता येते.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, 2018 पासून राज्यातल्या 15 जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात आपला जिल्हाही आहे. त्यात गावं एकेकटी न घेता पाणलोटाच्या समूहानं घेतली गेली. जलयुक्त शिवारची सुरुवात 2014 च्या डिसेंबरात झाली, दुसरा टप्पा 2023 मध्ये आला. या आराखड्यांमध्ये वनजमिनीवरची कामंही सुचवता येतात.

भारतानं 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर खराब जमीन सुधारण्याचं उद्दिष्ट 2019 मध्ये जाहीर केलं. इस्रोच्या 2021 च्या नकाशासंग्रहानुसार देशातली 9 कोटी 78 लाख हेक्टर, म्हणजे जवळपास 30 टक्के जमीन खराब होत चालली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे दशक निसर्ग पुनरुज्जीवनासाठी दिलं आहे. "नेचर" या विज्ञान पत्रिकेत ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे, की जगभरात रूपांतरित झालेल्या जमिनीपैकी नेमकी निवडलेली 15 टक्के जरी परत नैसर्गिक केली, तरी नष्ट होऊ घातलेल्या जीवजातींपैकी 60 टक्के वाचू शकतात. तेवढीच जमीन कुठंही घेतली तर तेवढा फायदा मिळत नाही. जगाच्या नकाशावर जे खरं, ते गावच्या नकाशावरही खरं आहे.

वर्षाचं वेळापत्रक

- 15 ऑगस्टची ग्रामसभा : जागा निवड समिती करा. त्यात महिला, भूमिहीन, शेळी-मेंढीपालक अन् पायथ्याचे शेतकरी घ्या.
- सप्टेंबर-ऑक्टोबर : शिवार फेरी, चौकोन मोजणी, विहिरींची यादी, तलाठ्याकडचे कागद.
- नोव्हेंबर-डिसेंबर : गुण द्या, वनपरिक्षेत्र अधिकारी अन् कृषी विभागाला जागा दाखवा.
- 26 जानेवारीची ग्रामसभा : पहिली जागा, बंद ठेवायचा भाग अन् चराईचे नियम यांचा ठराव.
- जानेवारी-फेब्रुवारी : जाळरेषा अन् गवत कापणी पूर्ण.
- मार्च ते मे : चर अन् दगडी बांध. बी गोळा करणं.
- जून-जुलै : पहिला चांगला पाऊस झाल्यावरच बी टाकणं अन् रोपं लावणं.
- पुढच्या 1 मेची ग्रामसभा : किती जगलं याची मोजणी वाचून दाखवा.

नेहमीचे प्रश्न

जंगल वाढलं तर रोही अन् रानडुकरं वाढतील का? ही भीती रास्त आहे. मक्याचं नुकसान होतंच. जागा निवडताना पिकांना अगदी चिकटून दाट झुडपं वाढवू नका, मध्ये गवताचा मोकळा पट्टा ठेवा. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. त्यासाठी नुकसान झाल्याबरोबर फोटो काढून अर्ज करा.

निकाल कधी दिसतो? गवत पहिल्याच पावसाळ्यात दिसतं. फुटवे तीन वर्षांत डोक्याएवढे होतात. विहिरीच्या पाण्यातला फरक पाऊसमानावर अवलंबून असतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच पाच-सहा विहिरींची पातळी दर महिन्याला लिहायला लागा. नाहीतर नंतर फरक पडला की नाही, यावर नुसत्या गप्पा होतात.

वनजमिनीवर गाव स्वतः चर खोदू शकतं का? नाही. वनविभागाला सोबत घेऊनच. विनापरवाना काम केलं तर चांगल्या हेतूनंही गुन्हा दाखल होऊ शकतो.

पाहणी झाल्यावर ग्रामसभेत तीन कागद ठेवा : नाले अन् विहिरी दाखवणारा गाव नकाशा, गुणांचं कोष्टक, अन् त्या जागेवर चराई करणाऱ्या कुटुंबांची यादी. तिसरा कागद कोरा असेल तर बैठक पुढे ढकला, कारण डोंगराची राखण त्याच लोकांच्या हातात असते.